टर्कीच्या शिकारीत कुत्रा: शेजारच्या आजोबांना हो म्हणू की नको?

रानभूल

नमस्कार मंडळी,

आम्ही व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगररांगेच्या पूर्व उतारावर राहतो. घरामागे ओक आणि हिकरीचं रान आहे. थोडं आमच्या नावावर, बाकीचं शेजारच्या आजोबांच्या. परवा आजोबा टोमॅटोची पिशवी घेऊन दारात आले. पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आले: ऑक्टोबरात रानटर्कीचा हंगाम सुरू होतोय, माझ्या कुत्रीला तुमच्या हद्दीतून फिरू द्याल का? बंदूक घेऊन मी तुमच्याकडे पाऊल टाकणार नाही.

मला वाटलं कुत्री पक्षी धरून आणते. तसं नसतंच मुळी. शरदात टर्की थव्याने असतात, म्हणजे माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं. पिल्लं म्हणायची, पण तोवर ती कोंबडीहून थोराड झालेली असतात. कुत्री रानात लांबवर फिरून थव्याचा माग काढते, सरळ त्यात घुसते आणि भुंकायला लागते. पक्षी चहूकडे उधळतात. भुंकण्याच्या दिशेने शिकारी तिथे पोचतो, एखाद्या जाड बुंध्याला पाठ टेकून बसतो आणि कुत्रीला शेजारी पोत्यात घालतो. हो, पोत्यात! पानापानांच्या नक्षीचं कापडी पोतं, डोकं तेवढं बाहेर. मग तो हरवलेल्या पिल्लासारखी शीळ घालतो. पांगलेली पिल्लं एकमेकांना शोधत उधळल्या जागी परत येतात, आणि मग बार.

आजोबांनी ती शीळ आमच्या ओट्यावर तोंडाने काढून दाखवली. की-की-की अशी, शेवटी आवाज फुटल्यासारखी. त्या रात्री मला काही धड झोप लागली नाही.

नवऱ्याचं म्हणणं, हो म्हणून टाक. दर हिवाळ्यात आपल्या वाटेवरचा बर्फ हेच ट्रॅक्टरने काढून देतात. मला शेजारधर्म कळतो, पण हे बरोबर आहे का तेच कळत नाही. इथे शिकार करणारे, न करणारे, कायदा जाणणारे सगळेच आहेत, म्हणून विचारतेय.

खेकडाभजी

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे.

शाकाहारी_वाघ

यात विचारण्यासारखं काय आहे? आईपासून तुटलेल्या पिल्लाच्या हाकेची नक्कल करून त्याच्या भावंडांना मारायचं, याला शिकार म्हणत नाहीत, दगा म्हणतात. कुत्र्याच्या जिवावर रान उठवायचं आणि आपण बुडाखाली उशी घेऊन बसायचं. नाही म्हणून सांगा. बर्फाला भाड्याने माणूस मिळतो.

फिलीकर

मी पेन्सिल्व्हेनियात शिकार करतो. परवाना काढून, नियमाने. त्यामुळे शिव्या खायला तयार आहे.

वाघोबा, दग्याचंच बोलायचं तर वसंतातल्या शिकारीचं काय? एप्रिल-मे महिन्यात सगळी अमेरिका नर टर्कीच्या मागे असते. तेव्हा शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नर पिसारा फुलवून बंदुकीपुढे येतो. शिवाय पुढ्यात प्लास्टिकची मादी मांडून ठेवायची. काही जण तर पिसाऱ्याचा पंखा हातात धरून त्याच्या आडून नरावर चाल करून जातात. हे सगळं चालतं, आणि शरदात कुत्र्याने थवा उधळला की एकदम पाप?

बदकांना, तितरांना, फेझंटला कुत्रा सगळ्या देशात चालतो. टर्कीला मात्र राज्याराज्यात वेगळा न्याय. व्हर्जिनियात आणि वेस्ट व्हर्जिनियात ही जुनी रीत आहे. न्यूयॉर्क, ओहायो, व्हरमाँटमध्ये शरदात चालतो. आमच्याकडे मुभा मिळाली ती २००७ साली, तीही बरीच वर्षं आमदारांच्या मागे लागल्यावर. वसंतात मात्र जवळपास कुठेच नाही, आणि ते योग्यच आहे. तेव्हा माद्या जमिनीवर अंड्यांवर बसलेल्या असतात, त्यात कुत्रा सोडणारा मलाही चालणार नाही.

आता बुडाखालच्या उशीबद्दल. कुत्रा थवा उधळतो, पण 'कसा' उधळतो त्यावर सगळं आहे. सगळे पक्षी एकाच बाजूला उडाले तर खेळ खलास. पलीकडच्या डोंगरावर उतरून ते पुन्हा एकत्र होतात, तुमच्या शिळेला कोण विचारतो. चारी बाजूंना उधळावे लागतात. म्हणून कुत्रा नुसता धावरा असून भागत नाही, त्याला थव्याच्या मधोमध घुसायचं कळावं लागतं. आणि एकदा भुंकून झालं की पोत्यात गप पडून राहायचं, दोन-दोन तास, पाच पावलांवर पक्षी आला तरी. माझ्या ओळखीतले निम्मे कुत्रे पहिलं जमणारे आणि दुसऱ्यात नापास.

रानभूल

फिलीकर, हे आजोबांनीही सांगितलं. त्यांच्या मते कुत्रीला माग काढायला शिकवावं लागत नाही, गप बसायला शिकवावं लागतं. ती कुठल्या जातीची विचारलं तर म्हणाले, 'बायर्नची'.

फिलीकर

अरे वा! मग तुमचे आजोबा मुरलेले दिसतात. तुमच्याच व्हर्जिनियातल्या लॉरी गावच्या जॉन बायर्न यांनी प्लॉट हाउंड, पॉइंटर आणि सेटर यांचा मेळ घालून ही ओळ तयार केली. हाउंडचं नाक आणि आवाज, पक्ष्यांवरच्या कुत्र्यांची धाव. आता त्यांना अ‍ॅपलाचियन टर्की डॉग म्हणतात. साउथ कॅरोलायनाचा बॉयकिन स्पॅनिअलही मुळात बदकं आणि टर्की यांच्यासाठीच वाढवलेला. वॉटेरी नदीकाठच्या दलदलीत छोट्या होडीतून शिकारीला जायचे, तिथे मोठा कुत्रा हलला की होडी कलंडणार, म्हणून आटोपशीर. १९८५ पासून तो त्या राज्याचा मानाचा कुत्रा आहे.

काजूबी

आमच्या राजापूरकडे हाका घालायचे त्याची आठवण झाली. आजा सांगायचा, डुकराच्या हाक्याला अर्धा गाव डबे बडवत आणि कुत्री सोडून रान उठवायचा, बंदूकवाले वाटेवर दबा धरून. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे ते हळूहळू बंद पडलं. निदान उघडपणे तरी.

फरक एवढाच की आमच्याकडे जनावर कुत्र्यापासून पळत बंदुकीकडे जायचं. इथे पक्षी पळून गेल्यावर आपणहून परत येतो. मला तर हे जास्त अवघड वाटतं. न आला तर?

फिलीकर

बरेचदा येतच नाही. पिल्लं असतील तर अर्ध्या-पाऊण तासात हाका सुरू होतात. थवा नुसत्या म्हाताऱ्या नरांचा असेल तर संध्याकाळ होते किंवा दुसरा दिवस उजाडतो. त्यांना एकमेकांवाचून काही अडत नाही.

माळरान

मी वन्यजीव व्यवस्थापन शिकतेय, सध्या जॉर्जियात. धागा वाचून राहवलं नाही. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कुत्रा हा यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग आहे असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही बाजू कुत्र्यावरून भांडतात, कारण कुत्रा डोळ्यांना दिसतो. पक्ष्यांच्या संख्येच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे: मादी मारायची की नाही?

थोडं मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की जवळजवळ संपली होती. जंगलं तोडली गेली आणि बाजारासाठी बेसुमार मारली गेली. कितीतरी राज्यांत एकही उरली नव्हती. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते जगले नाहीत. त्यांना ना शत्रू ओळखता येई ना आईने शिकवलेलं काही. शेवटी जमलं ते तोफजाळ्यांनी. दाणे टाकून जंगली थवा जमवायचा, त्याच्यावर बारुदाने जाळं फेकायचं आणि पकडलेले पक्षी खोक्यात घालून दुसऱ्या राज्यात सोडायचे. खर्चाचा मोठा भाग १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यातून आला. त्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९७३ साली नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन उभं राहिलं, तेही शिकाऱ्यांचंच. आज देशभर साठ लाखांच्या घरात पक्षी आहेत. वाघोबांना आवडणार नाही, पण हा पक्षी परत आला त्यात शिकाऱ्यांचा पैसा आहे.

ही वाढ होत असताना राज्यांनी एक साधा हिशेब धरला. नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर गेले तरी अंडी तेवढीच घातली जातात. म्हणून वसंताची शिकार 'फक्त नर'. शरदात मात्र बऱ्याच राज्यांत नर-मादी दोन्ही चालतात. एक मादी गेली म्हणजे पुढच्या वर्षीची दहा-बारा अंडी गेली. त्यातली बहुतेक तशीही रॅकून, स्कंक आणि साप फस्त करतात, म्हणून तर वाचलेल्या प्रत्येक मादीची किंमत जास्त. १९९०च्या दशकात व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात माद्यांच्या अंगावर रेडिओ लावून अभ्यास झाला. शरदातली शिकार जिथे बंद होती तिथे माद्या जास्त जगल्या.

गेल्या काही वर्षांत आग्नेय राज्यांत एका मादीमागे जगणारी पिल्लं कमी होत चालली आहेत. म्हणून जॉर्जियाने २०२२ पासून माणशी तीनऐवजी दोनच नर ठेवले आणि हंगामही उशिरा सुरू केला. अलाबामाने हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी मांडायला बंदी घातली. न्यूयॉर्कने तर २०१५ मध्येच शरदाचा हंगाम दोन आठवड्यांवर आणि माणशी एका पक्ष्यावर आणला. कुत्रा मात्र चालूच ठेवला! त्यांना कळलंय गळती कुठे आहे ते.

शाकाहारी_वाघ

माळरानताई, माहितीबद्दल धन्यवाद, पण तुम्ही प्रश्नच बदललात. मी संख्येबद्दल बोलतच नव्हतो. साठ लाख असोत नाहीतर साठ कोटी, पिल्लाच्या आवाजाने पिल्लाला बोलावून मारणं नीच आहे एवढंच म्हणतोय. तुमच्या हिशेबात ते बसत नाही म्हणून ते खोटं ठरत नाही.

आणि 'शिकाऱ्यांच्या पैशाने पक्षी वाचले' हे किती दिवस ऐकायचं? ज्यांनी मारून संपवले त्यांनीच पुन्हा मारायला मिळावेत म्हणून आणले. यात उपकार कसले?

फिलीकर

वाघोबा, दुकानातून आणलेल्या थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची पिल्लं यंत्रातून बाहेर पडतात आणि आई कधी बघतच नाहीत. तिथे शीळ घालायचीही गरज पडत नाही. हलके घ्या.

शाकाहारी_वाघ

मी थँक्सगिव्हिंगला पुरणपोळी खातो. हलके घेतले.

संपादक

दोघांनी हलके घेतल्याबद्दल आभार. यापुढे कोणी काय खातं यावरचे प्रतिसाद उडवले जातील. दर नोव्हेंबरात तेच होतं.

घाटपांडे_रिचमंड

रानभूल, तुमच्या प्रश्नातल्या कायद्याच्या बाजूकडे कुणी वळलंच नाही, म्हणून लिहितो. व्हर्जिनियात तुम्ही 'नाही' म्हणालात तरी कुत्री येऊ शकते! आपल्या राज्यात १९३०च्या दशकापासूनचा एक कायदा आहे. शिकार दुसऱ्याच्या जमिनीवर सुरू झाली आणि कुत्रा तुमच्या मनाई केलेल्या जमिनीत शिरला, तर मालक त्याला न्यायला आत येऊ शकतो. अट एवढीच की बंदूक किंवा धनुष्य अंगावर नको आणि तिथे शिकार नको. तुम्ही नाव विचारलं आणि त्याने सांगायला नकार दिला तर तो गुन्हा. कोल्हा आणि रॅकूनवाल्यांना तर कुत्र्यांच्या मागोमाग जायचीही मुभा आहे.

आमचा हरणांच्या कुत्र्यांचा अनुभव वाईट आहे. ब्लू रिजच्या पूर्वेच्या बऱ्याच काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) हरणांमागे हाउंड सोडायची परंपरा आहे, आणि हाउंडला सातबारा वाचता येत नाही. नोव्हेंबर लागला की घरामागून सहा-सात कुत्री भुंकत जातात, मागोमाग रस्त्याच्या कडेला पिकअप थांबतात, कुत्र्यांचा माग घ्यायला अँटेना हातात धरून माणसं उभी राहतात. एकदा आमच्या मुलीचा झोपाळा आडवा करून गेली. ज्यांची कुत्री होती त्यांनी येऊन नीट माफी मागितली, झोपाळा उभा करून दिला, आणि पुढच्या शनिवारी तेच.

पण हे सगळं टर्कीच्या कुत्र्याला लावू नका. हरणाचा हाउंड तासन्‌तास मैलोन्‌मैल पाठलाग करतो. टर्कीची कुत्री थवा उधळून थांबते, तिला पोत्यात परत यायचं असतं. तुमचे आजोबा आधी विचारायला आले, यातच सगळं आलं. ज्याला विचारायचं नसतं त्याला हा कायदा पुरतो.

दिंडोरीचा_दादा

मॅडिसनहून. आमच्या विस्कॉन्सिनने आधी थोड्या काउंट्यांत टर्कीच्या कुत्र्यांचा प्रयोग करून पाहिला, बोंबाबोंब झाली नाही, मग राज्यभर मोकळं केलं. विरोध करणाऱ्यांत शिकारीच जास्त होते हे विसरू नका. त्यांचं दुखणं असं: मी पहाटेपासून दोन एकराच्या तुकड्यात गप बसलोय आणि कुणाचा तरी कुत्रा येऊन सगळा थवा पिटाळून लावतो. हे दुखणं खरं आहे. पूर्वेकडच्या राष्ट्रीय वनांत हजारो एकर सलग असतात, तिथे कुत्रा कुणाला आडवा येत नाही. शेताशेतांच्या मधल्या चिंचोळ्या रानात येतो. तत्त्वाची भाषा काहीही करा, अर्धा वाद प्लॉटच्या आकाराचा आहे.

वास्कोची_वेंगुर्लेकर

अवांतर, पण राहवत नाही. टर्की हिंदुस्थानात आली ती आमच्या गोव्यामार्गे! जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्यात दुर्मिळ वस्तू खरेदी करायला धाडलं होतं. १६१२ मध्ये तो परतला तो बरेच अजब प्राणी-पक्षी घेऊन, त्यात एक टर्की नर. बादशहाने रोजनिशीत त्याचं वर्णन लिहिलंय, डोकं आणि मान सरड्यासारखी रंग बदलते वगैरे. उस्ताद मन्सूरने काढलेलं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गळ्याच्या लोंबत्या कातडीवरचा एकेक पुटकुळा त्याने काढलाय. पोर्तुगीजांनी ती मेक्सिकोकडून आलेल्या पाळीव वाणातून आणली असणार. पाळल्यावर हा पक्षी कुठे कुठे गेला पाहा.

काजूबी

बादशहाने शिकार नाही केली त्याची?

वास्कोची_वेंगुर्लेकर

जहांगीरने वाघ-सिंहांचा हिशेब ठेवला, पण याला चित्रात बसवलं. बहुधा एकच होता म्हणून वाचला.

रानभूल

सगळ्यांचे आभार, विशेषतः घाटपांडे आणि माळरान. माळरान, एक शंका. शरदात माद्या मारणं हाच प्रश्न असेल, तर कुत्र्याने तो वाढत नाही का? तुम्हीच म्हणालात कुत्रा बिनमहत्त्वाचा. पण फिलीकर म्हणतात ही शीळ चालते ती आई-पिल्लांच्या थव्यावर, म्हाताऱ्या नरांवर नाही. म्हणजे ज्या थव्यात माद्या असतात नेमका तोच थवा या पद्धतीत सापडतो!

माळरान

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हो, एवढं मी मान्य करते: पद्धत निवडली की पक्षीही आपोआप निवडले जातात. पण पुढचा भाग बघा. शिळेला येतात ती त्या वर्षीची पिल्लं, नर आणि मादी दोन्ही. त्यातली बरीचशी हिवाळ्यात आणि भक्षकांच्या तोंडी तशीही जातात. जपायची ती दोन-तीन वर्षांची अनुभवी मादी, जिने एकदा घरटं निभावून नेलंय. ती मारली नाही तर कुत्र्याच्या शिकारीचं नुकसान पुष्कळ कमी होतं.

आणि ऑक्टोबरातला मालकाबरोबरचा एक कुत्रा आणि घरट्यांच्या दिवसांत मोकाट फिरणारे कुत्रे यांची तुलना नको. मी सोलापूरची. नान्नजच्या माळावर माळढोक जमिनीवर, सपाट माळावरच अंडं घालतो, तेही सहसा एकच. तिथे मोकाट कुत्रं म्हणजे काय संकट असतं ते विचारा. तिथे मी कुत्र्यांच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही.

फिलीकर

माळरान बरोबर बोलतेय, आणि गंमत म्हणजे जुनी कुत्रेवाली मंडळी म्हातारी मादी सहसा मारत नाहीत, त्यांच्या स्वार्थापायी. थवा उधळला की आई परत येऊन मोठ्याने हाका घालते आणि पिल्लं तिच्याकडे जातात, तुमच्याकडे नाही. म्हणून ती बोलायला लागली की शिकारी उठून तिला हुसकावून लावतो आणि पुन्हा बसतो. नक्कल करून करून आईशी स्पर्धा कोण करणार?

आमच्याकडे शरदात माद्या जास्त मारल्या जायच्या त्या रायफलीने, लांबून, हरणासाठी बसलेल्या माणसाला सहज थवा दिसला म्हणून. पेन्सिल्व्हेनियाने २०२१ मध्ये शरदाच्या टर्कीला रायफल बंद केली ते चांगलंच केलं. कुत्रेवाले छऱ्याची बंदूक वापरतात, तीस-पस्तीस पावलांवर. एवढ्या अंतरावर पक्षी कोणता ते दिसतं. निदान ज्याला बघायचं त्याला.

शाकाहारी_वाघ

आईला हाकलून लावतात आणि मग पिल्लं मारतात. आणि हे तुम्ही बचावासाठी सांगताय! माझा प्रतिसाद यापुढे तोच समजावा.

फिलीकर

नोंद घेतली. पण हे मी लपवून ठेवलं असतं तर तुम्हाला जास्त आवडलं असतं का?

शाकाहारी_वाघ

नाही. सांगितलंत ते बरं केलंत. मत तेच.

दिंडोरीचा_दादा

रानभूलताई, नैतिक बाजू तुमची तुम्ही ठरवा. एक व्यवहाराचं सांगतो. हंगामात तुम्ही आणि मुलं रानात फिरत असाल तर भडक केशरी जाकीट घाला. टर्कीच्या शिकारीतले अपघात बरेचसे असेच होतात: एक शिकारी आवाज काढत बसलेला असतो, दुसरा त्या आवाजावर दबकत येतो आणि झुडपात काहीतरी हललं की बार टाकतो. तुमचा घरचा कुत्रा असेल तर त्यालाही केशरी पट्टा. व्हर्जिनियात कायोटीची (लांडग्याच्या कुळातला लहान प्राणी) शिकार वर्षभर खुली असते, आणि धुक्यात करडा कुत्रा लांबून कायोटीच दिसतो. आजोबांच्या कुत्रीला घंटा आहे का विचारा.

घाटपांडे_रिचमंड

+१. आणि रविवार गृहीत धरू नका. पूर्वी व्हर्जिनियात रविवारी शिकार बंद असायची, आम्ही सगळे डोंगरात फिरायला रविवारच धरायचो. २०१४ पासून खाजगी जमिनीवर आणि २०२२ पासून सरकारी जमिनीवरही बरीचशी खुली झाली. हरीण आणि अस्वलांमागे रविवारी कुत्रे सोडायला मात्र अजून मनाई आहे. टर्कीच्या कुत्र्याचं चालू वर्षाच्या शिकार-नियमांच्या पुस्तिकेत बघून घ्या, नियम काउंटीगणिक आणि आठवड्यागणिक बदलतात.

परवानगी दिलीत तर लेखी द्या. चार ओळी पुरेत: कोण, कोणत्या तारखा, कुठपर्यंत. आजोबांवर अविश्वास म्हणून नाही, पण त्यांच्यासोबत येणाऱ्या पुतण्यांना तुम्ही ओळखत नाही.

रानभूल

आज आजोबांकडे जाऊन आले. घंटा आहे, पितळी, गळ्यात. लेखी द्यायला त्यांनीच कागद काढला, म्हणाले माझे वडीलही असाच कागद घ्यायचे. तारखा ठरल्या. रविवारचं मी नाही म्हटलं, ते त्यांनी लगेच मान्य केलं, तसेही ते चर्चला जातात.

मोठी मादी मारायची नाही, ही अट घातल्यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मी तशीही नाही मारत, पण माझ्या नातवाला एवढ्या घाईत फरक कळेल याची हमी देता येणार नाही. मी म्हटलं मग नातवाने यंदा नुसतं बघावं. यावर हसले. हो म्हणाले की नाही ते मला अजून नीट कळलेलं नाही.

वर हेही सांगितलं की एवढा विचार करू नकोस, यंदा ओकला फळं इतकी लागलीत की थवे वर डोंगरातच राहतील, तुमच्या उतारावर फिरकायचेच नाहीत. हे खरं असतं का?

माळरान

हो, हे अगदी खरं. एकॉर्नचं, म्हणजे ओकच्या फळांचं, पीक चांगलं आलं की टर्कीला शेताकडे किंवा रानाच्या कडेला यायचं कारणच उरत नाही, थवे दाट रानात विखुरतात आणि शरदात कमी मारले जातात. पीक बुडालं की खाली उघड्यावर येतात आणि सहज सापडतात. म्हणूनच एखाद्या वर्षी मारलेल्या पक्ष्यांचा आकडा घटला की लगेच पक्षी घटले असं म्हणत नाहीत. अशाच भरल्या वर्षी कुत्र्याचा खरा उपयोग असतो, नुसत्या माणसाला थवा सापडतच नाही. त्यामुळे आजोबा तुम्हाला दिलासा देत होते की स्वतःला, सांगता येत नाही.

नातवासाठी: छातीची पिसं बघायची. मादीच्या पिसांची टोकं बदामी असतात, म्हणून ती एकूण तपकिरी दिसते. नराच्या पिसांची टोकं काळी. कोवळा नर लांबूनही काळसर दिसतो. काळी छाती दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही, एवढाच नियम घालून द्या. मग वय ओळखायची भानगडच नको.

फिलीकर

आणि अट पाळली की नाही ते नंतर बघायचं असेल तर पंख मागा. सगळ्यांत बाहेरची दोन मोठी पिसं बघायची. त्या वर्षीच्या पिल्लाची टोकदार असतात आणि पांढरे पट्टे टोकाच्या आधीच संपतात. मोठ्या पक्ष्याची टोकं गोलसर आणि पट्टे अगदी शेवटपर्यंत. आजोबांना हे माहीत असणारच. तुम्हालाही माहीत आहे एवढं त्यांना कळू द्या.

रानभूल

पंखाचं कागदावर शेवटच्या ओळीत लिहून टाकलंय. सही झाली की सांगते.